निर्बंध असलेल्या देशात माल पाठवताय? या चुका टाळा, नाहीतर ट्रकभाड्यात अडकाल

एखाद्या देशावर निर्बंध लागले की तिथला धंदा बंद पडतो असं पेपर वाचणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात धंदा चालूच राहतो, फक्त मधली माणसं वाढतात, कागद वाढतात आणि बिलात एक-दोन अशा ओळी येतात ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, कारण त्या भाड्याच्या नाहीतर सर्व्हिसच्या असतात. मी एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनच्या लाइनमधला माणूस, न्हावा शेवातून जाणाऱ्या मालाचे कागद करणं हे रोजचं काम. समोरची पार्टी म्हणाली की "तिकडचं लोकल भाडं जरा दुसऱ्या खात्यावर टाका, बिलात धरून घ्या", तर आपल्याकडचा शेठ पहिलं विचारतो ते एवढंच, की आपल्या खिशातून काही जातंय का? जात नाही. आणि मेख तिथंच आहे.

या प्रकारात इराकएवढं आतून-बाहेरून उलगडलेलं प्रकरण दुसरं नाही, म्हणून सगळी उदाहरणं तिथलीच घेतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि चार दिवसांत युनोच्या सुरक्षा परिषदेनं ठराव ६६१ करून व्यापाराला कुलूप लावलं. पुढं लोकांचे इतके हाल झाले की १९९५ मध्ये ठराव ९८६ आला, तेलाच्या बदल्यात अन्न. इराकनं तेल विकायचं, पण पैसा सद्दामच्या हातात द्यायचा नाही, तो न्यूयॉर्कला बीएनपी बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे युनोच्या ताब्यातल्या राखीव खात्यात जमा करायचा आणि त्यातून गहू, औषधं, पंप, ट्रॅक्टर असल्या मालाचं बिल भागवायचं. डिसेंबर १९९६ मध्ये तेल निघालं, नोव्हेंबर २००३ मध्ये योजना गुंडाळली, मधल्या काळात ६४ अब्ज डॉलरच्या वर तेल विकलं गेलं. नंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर यांच्या समितीनं चौकशी केली आणि ऑक्टोबर २००५ च्या रिपोर्टात सांगितलं की साधारण ४,५०० कंपन्यांपैकी २,२०० पेक्षा जास्त कंपन्यांच्या व्यवहारात सद्दामच्या सरकारला वरचे पैसे गेले. एकूण १.८ अब्ज डॉलर. जवळपास निम्म्या कंपन्या म्हणजे हे काही दोन-चार चोरांचं काम नाही हो, यात नावाजलेल्या कंपन्या होत्या ज्यांच्याकडे वकिलांची फौज होती, ऑडिटर होते, भिंतीवर आचारसंहिता लावलेली होती.

सद्दामला एस्क्रोतला एक डॉलरही थेट काढता येत नव्हता, पण माल कुणाकडून घ्यायचा हे तोच ठरवत होता. मग सोपं आहे. शंभराचा माल एकशेदहाला घ्यायचा, बिल युनोच्या खात्यातून चुकतं होणार, आणि विकणाऱ्यानं वरचे दहा गुपचूप परत करायचे. टक्केवारी! आपल्याकडं रस्त्याच्या टेंडरला जे चालतं तेच, फक्त डॉलरमध्ये. विकणाऱ्याला झळ नाही, घेणाऱ्याला फायदा, आणि पैसा कुणाचा गेला तर ज्या इराकी पोराच्या ताटात तो गहू पडायचा त्याचा.

आता चुकांकडे येऊ.

"मंजुरी मिळालीये ना, मग काय"

सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक करार युनोच्या ६६१ समितीपुढं, म्हणजे निर्बंधांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीपुढं जायचा. मंजुरीचा कागद हातात आला की कंपन्यांना वाटायचं आपण गंगेत न्हालो. पण समितीचं सगळं लक्ष या मालातून शस्त्र तर बनणार नाही ना याच्यावर होतं, किमतीत काय दडवलंय याच्यावर तितकं नव्हतंच, आणि मुख्य म्हणजे समितीनं मंजूर केला तो तिला दाखवलेला कागद. बाजूला दुसरी चिठ्ठी असेल, त्यात लिहिलं असेल की दहा टक्के 'विक्रीपश्चात सेवा' म्हणून अमुक खात्यात भरू, तर त्या चिठ्ठीला कुणाचीच मंजुरी नसते. उलट मंजूर कागद हाच तुमच्याविरुद्ध पुरावा होतो, कारण त्यावर तुम्ही सही करून खोटी किंमत सांगितलेली असते. आजही डीजीएफटीचं, म्हणजे सरकारच्या परदेशी व्यापार खात्याचं लायसन्स आहे, बँकेनं हो म्हटलंय, म्हणून मागचं सगळं झाकलं जात नाही.

भाडं कुणाला देताय ते न बघणं

सगळ्यात मोठी चूक ही. आणि ही ज्यांनी केली ते म्हणजे ऑस्ट्रेलियाचं गहू महामंडळ, एडब्ल्यूबी, पूर्वी सरकारी आणि नंतर शेतकऱ्यांच्या शेअरवर चालणारी कंपनी. ऑस्ट्रेलियातला गहू परदेशात विकायची मक्तेदारी यांच्याकडं. या योजनेत इराकला माल पुरवणाऱ्यांत हे सगळ्यात मोठे, सहा-सात वर्षांत ६८ लाख टन गहू आणि २.३ अब्ज डॉलरचं बिल.

१९९९ पर्यंत व्यवहार साधा होता, गहू उम्म कसर बंदरात उतरवायचा, पुढचं इराकचं इराकनं बघायचं. त्या वर्षी इराकच्या धान्य मंडळानं नवीन अट टाकली की माल बंदरात नाही, देशातल्या सगळ्या प्रांतांच्या गोदामापर्यंत पोचता हवा आणि त्याचं ट्रकभाडं विकणाऱ्यानं द्यायचं, टनाला १२ डॉलर. ऐकायला काहीच वावगं नाही, बरोबर? आता जरा थांबून कागद करणाऱ्याच्या नजरेनं बघा. भाड्याचा दर कोण ठरवतंय, तर घेणारा. ट्रकवाला कोण निवडतंय, तर घेणारा. ट्रकवाल्याशी तुमचा वाटाघाटीचा संबंध नाही, ट्रक किती, कुठून कुठं गेले याची एक पावती तुमच्याकडं येत नाही. बसरा बंदराच्या शेजारी आणि मोसुल पार उत्तरेला, तरी टनाला दर एकच! आणि पैसे जाणार जॉर्डनमधल्या आलिया नावाच्या कंपनीच्या खात्यात.

आलियाकडं गहू वाहण्याचं कामच नव्हतं. तिच्यात इराकच्या वाहतूक मंत्रालयाचा ४९ टक्के हिस्सा होता, ती आपलं किरकोळ कमिशन कापून बाकी रक्कम इराक सरकारकडं सरकवत होती, आणि गहू इराकचे स्वतःचे ट्रक नेत होते. थोड्याच वर्षांत हेच 'भाडं' टनाला पन्नास डॉलरच्या आसपास गेलं. डिझेल काय चौपट महागलं होतं का तिथं, तेलाच्या विहिरीवर बसलेल्या देशात? एकूण २२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम अशी गेली, सुरुवातीला तर कधी जहाजमालकांमार्फत, कधी लंडनच्या एका मध्यस्थ कंपनीमार्फत फिरवून. भाडं जर खरंखुरं भाडं असेल तर ते इतकं फिरवून का द्यावं लागतं हा प्रश्न त्या ऑफिसात कुणाला तरी पडलाच असणार.

म्हणून भाड्याची ओळ आली की हे विचारा: ट्रान्सपोर्टरचे मालक कोण, दर कुणी लावला, अंतराप्रमाणे बदलतो का, ट्रकची पावती मिळणार का, आणि पैसे न भरता माल उतरतो का. शेवटचा प्रश्न भारी आहे. इराकमध्ये पैसे भरल्याशिवाय माल उतरवूनच घेत नव्हते. जिथं ट्रक हलायच्या आधी भाड्याची पूर्ण रक्कम तिसऱ्या देशात भरायला लागते तिथं पाणी मुरतंय हे नक्की.

उलटा खेळही चालतो बरं का. डिसेंबर २०२२ मध्ये रशियन कच्च्या तेलाला बॅरलमागं ६० डॉलरची कमाल किंमत लावली गेली, तेव्हा तेलाचा भाव साठच्या आत दाखवून बाकीची रक्कम जहाजभाडं आणि विम्याच्या नावावर चढवण्याचे प्रकार सुरू झाले, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं या वरखर्चाचा तपशील सुटा दाखवण्याचे नियम कडक केले. इराकमध्ये भाड्यानं गव्हाची किंमत फुगवली, इथं भाड्यानं तेलाची किंमत दाबली. दडायची जागा तीच.

अर्धाच प्रश्न विचारून पूर्ण उत्तर मिळालं असं समजणं

हे प्रकरण वाचताना मला सगळ्यात जास्त चीड या भागाची आली. जानेवारी २००० च्या सुमारास कॅनडाच्या गहूवाल्यांनी युनोला कळवलं की इराक आमच्याकडं ट्रकभाड्यापोटी ७ लाख डॉलर जॉर्डनच्या खात्यात मागतंय आणि म्हणतंय की ऑस्ट्रेलियावाले तर देतायत. युनोनं ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधींना विचारलं, त्यांनी एडब्ल्यूबीला विचारलं, एडब्ल्यूबीनं कानावर हात ठेवले आणि विषय संपला. म्हणजे ज्याच्यावर संशय त्यालाच विचारायचं की बाबा तू चोरी केलीस का, आणि तो नाही म्हणाला की फाइल बंद.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एडब्ल्यूबीनं ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्याला पत्र टाकलं, की आम्ही जॉर्डनच्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांशी व्यवहार करू का. दोन-चार दिवसांत उत्तर आलं की हरकत दिसत नाही. आता हरकत कशी दिसणार, पत्रात हे कुठं होतं की पैसे आम्ही आधीच देतोय, ती कंपनी माल वाहत नाही, दर इराक ठरवतंय? पण हे उत्तर पुढं ढालीसारखं मिरवलं गेलं. सरकारकडून, सीएकडून, बँकेकडून असा 'हो' मिळवायची कला आपल्याकडंही भरपूर लोकांना येते. ईमेल करताना सोयीचं तेवढं लिहायचं. मी तरी सगळ्यांना सांगतो की प्रश्न विचारायचाच असेल तर करार, खातं नंबर, रक्कम, मालकी सगळं जोडून विचारा. अर्धं लपवून मिळवलेल्या 'हो'ला चौकशीत काही किंमत नसते, उलट तुम्हाला काय लपवायचं होतं ते त्या पत्रावरूनच कळतं.

"सरकारला दिले, माणसाला नाही, मग लाच कुठली?"

हा युक्तिवाद ऐकायला तगडा वाटतो. इराकमध्ये पैसा कुण्या साहेबाच्या खिशात नाही, मंत्रालयाच्या खात्यात गेला, आणि अमेरिकेचा लाचविरोधी कायदा परदेशी अधिकाऱ्याला दिलेल्या पैशाबद्दल बोलतो. पण म्हणून कुणी सुटलं नाही. अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी दुसरी बाजू धरली, हिशोबाच्या वह्या खोट्या ठेवल्या आणि खोटे कागद दाखवून युनोच्या खात्यातून पैसे काढले. डॉलरचा व्यवहार न्यूयॉर्कमार्गे फिरतो, त्यामुळं तुम्ही कोल्हापुरात बसलेले असा नाहीतर कोपनहेगनला, हात पोचतो.

ट्रॅक्टर बनवणारी आग्को घ्या, मॅसी फर्ग्युसन हा ब्रँड यांचाच. यांच्या युरोपातल्या एका शाखेनं कराराची किंमत फुगवली आणि वरची रक्कम हिशोबात 'मिनिस्ट्री अॅक्रुअल' म्हणजे 'मंत्रालयाला द्यायचं देणं' अशा खात्याखाली धरली. म्हणजे चोरीचं खातं उघडलं आणि त्याला जवळपास खरंच नाव दिलं. अकाउंट्सवाल्याला दुसरं काही सुचलं नसेल. स्कॉटलंडच्या पंप बनवणाऱ्या वेअर ग्रुपनं २०१० मध्ये एडिंबराच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, ३० लाख पाउंड दंड आणि १.३९ कोटी पाउंड जप्ती. दंडापेक्षा जप्ती मोठी, हे लक्षात ठेवा. "फार तर दंड होईल" म्हणणारे जप्तीचा हिशोबच करत नाहीत.

परिपत्रक काढलं की काम झालं

तेलाच्या बाजूला २००० च्या शेवटापासून इराक बॅरलमागं काही सेंट वर मागायला लागला, बहुतेक १० ते ३० सेंट. देणारे लोक ते जॉर्डनच्या खात्यात भरायचे नाहीतर वकिलातीत रोख नेऊन द्यायचे. शेव्हरॉननं जानेवारी २००१ मध्ये आपल्या ट्रेडर लोकांना लेखी ताकीद दिली होती की असं वरचं द्यायचं नाही आणि इराकचं तेल घ्यायच्या आधी वरून परवानगी घ्यायची. झालं काय, तर तेल मधल्या पार्टीकडून घेतलं गेलं, त्या पार्टीनं वरचे पैसे भरले आणि आपल्या प्रीमियममध्ये धरून शेव्हरॉनकडून वसूल केले. वरचे लोक ट्रेडरच्या शब्दावर राहिले. २००७ मध्ये ३ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

एजंटचं कमिशन अचानक वाढलं तर त्याचं कारण मालाच्या भावात शोधू नका, तो कुणाला पुढं देतोय ते शोधा. भारतातून एजंटला कमिशन पाठवताना ते बँकेतूनच जातं आणि कशासाठी ते लिहावं लागतं, तेव्हा निदान त्या कागदावर तरी एजंटनं नक्की काय काम केलं हे एका ओळीत लिहिता येतंय का बघा. येत नसेल तर उत्तर मिळालं. बाकी इतर देशाच्या अधिकाऱ्याला लाच देण्याबद्दल आपल्याकडं वेगळा कायदा आणायचं घाटलं होतं, २०११ मध्ये विधेयकही आलं होतं, ते तसंच राहिलं, म्हणून काही लोक निवांत असतात. त्यांनी फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा आठवावा, आणि वरचं न्यूयॉर्कचं वाक्य परत वाचावं.

जुनी उधारी नव्या बिलात घुसवणं

हे आपल्याकडं इतकं चालतं की कुणाला चूक वाटतच नाही. १९९६ मध्ये बीएचपी या खाणकंपनीनं इराकला २० हजार टन गहू पाठवला होता, साधारण ५० लाख डॉलरचा. पुढं ती येणी टायग्रिस नावाच्या कंपनीकडं गेली आणि २००२ मध्ये एडब्ल्यूबीनं ती व्याजासकट, ८० लाखांच्या आसपास, आपल्या नव्या गव्हाच्या भावात मिसळून युनोच्या खात्यातून वसूल करून दिली. वर आपलं कमिशन. युनोला वाटतंय आपण आजच्या गव्हाचे पैसे देतोय. एरवीच्या धंद्यात डेबिट नोट काढून जे सरळ मिटतं ते एस्क्रोच्या, नाहीतर निर्बंधाच्या परवानगीवर चालणाऱ्या पैशात फसवणूक ठरतं.

ओळखीच्या माणसाला नाव वापरू देणं

हे कंपन्यांपेक्षा पुढाऱ्यांसाठी आहे, पण धंदेवाल्यांनीही वाचावं. सद्दाम तेलाचा कोटा मर्जीतल्या लोकांच्या नावे काढायचा, ते तो विकून मधला नफा घ्यायचे. व्होल्कर रिपोर्टच्या यादीत तेव्हाचे आपले परराष्ट्रमंत्री नटवरसिंग आणि काँग्रेस पक्ष यांची नावं लाभार्थी म्हणून आली, दोघांच्या नावे ४०-४० लाख बॅरल. त्यांनी आरोप फेटाळले, पण आधी परराष्ट्र खातं गेलं आणि डिसेंबर २००५ मध्ये मंत्रिपदही. न्यायमूर्ती पाठक यांच्या चौकशीनं २००६ मध्ये म्हटलं की त्यांनी पदाचं वजन वापरून ओळखीच्या व्यापाऱ्याला करार मिळवून द्यायला मदत केली, मात्र स्वतः पैसे घेतल्याचं दिसलं नाही. शिफारसपत्र देताना खाली सही आपली असते एवढंच काय ते.

आधीच अडकला असाल तर

एडब्ल्यूबीनं काय केलं ते बघा आणि उलट करा. व्होल्करचा रिपोर्ट आल्यावर ऑस्ट्रेलियानं टेरेन्स कोल यांचा आयोग बसवला. कंपनीनं ठेका धरला की आम्हाला ठाऊक नव्हतं, आलिया खरी ट्रान्सपोर्ट कंपनीच वाटली, आणि शेकडो कागद वकिली गोपनीयतेच्या नावाखाली अडवून धरले. त्याच कागदांत माफीनाम्याचा एक मसुदाही होता, सल्लागाराला बोलावून तयार केलेला, तो चुकून आयोगाच्या हाती गेला आणि मग परत मिळवायला कोर्टात धावाधाव. म्हणजे आत माफी लिहून तयार आणि बाहेर छाती पुढं! नोव्हेंबर २००६ मध्ये आयोगानं १२ जणांवर खटल्याचा विचार व्हावा असं सुचवलं. तुरुंगात शेवटी कुणी गेलं नाही, माजी व्यवस्थापकीय संचालकाला २०१२ मध्ये १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि माजी अध्यक्षाला २०१७ मध्ये ५० हजार दंड, वर संचालक व्हायची बंदी. २२ कोटींपुढं ही चिल्लर. खरा फटका शेतकऱ्यांना बसला, शेअर पडला, २००८ मध्ये मक्तेदारी गेली, २०१० मध्ये कंपनीच कॅनडाच्या अॅग्रियमनं विकत घेतली.

तेव्हा संशय आला की पहिलं काम म्हणजे पुढचा हप्ता थांबवा, मग भले माल बंदरात आठवडाभर पडून राहू दे. डेमरेज (माल अडकून पडल्याचा आकार) लागेल, लागू दे, ते बिलावर दाखवता येतं. ईमेल, व्हॉट्सअॅप, काही डिलीट करू नका. मागची तारीख टाकून ट्रकच्या पावत्या 'मिळवून' फाइल पूर्ण करायचा मोह होतो, आणि तसं करून देणारी माणसंही मिळतात, पण तिथं साधी चूक गुन्हा होते. सीमापार व्यवहार कळणारा वकील गाठा, कंपनीचा नेहमीचा नको, त्यानंच करार तपासलेला असतो. कुणी सांगितलं, कुणी सही केली, कुठल्या खात्यावर गेले हे आठवतंय तोवर तारखेनिशी लिहून काढा. आणि ज्या क्लार्कनं सुरुवातीला "सर, या भाड्याची पावती नाहीये" असं ईमेलवर विचारलं होतं त्याची बदली करू नका. ती ईमेल त्याच्याकडं असते.